डिटेक्टिव्ह खेळ: संगणकावर कीं कन्सोलवर?

गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही तळा येथील आमच्या वडिलोपार्जित घरीं गेलों असतां भाचा आणि भाची या दोघांचें एक भांडण आमच्यापुढें निवाड्यास आलें. दोघेंही मुंबईस महाविद्यालयांत शिकतात. भाच्यानें आपला कन्सोल कपड्यांच्या पिशवींत गुंडाळून आणिला होता, व भाचीचा सारा भरंवसा आमच्या जुन्या लॅपटॉपवर होता. ज्या खेळांत खेळणारानेंच गुप्त पोलीस होऊन गुन्ह्याचा छडा लावावयाचा असतो, तो खेळ संगणकावर खेळावा कीं कन्सोलवर, असा तो वाद. भाचा म्हणे, “मामा, टीव्हीच्या एवढ्या मोठ्या पडद्यावर जें दिसतं, तें तुमच्या त्या वीतभर लॅपटॉपवर काय दिसणार?” भाची म्हणे, “दिसून उपयोग काय? त्याच्या कंट्रोलरवर दोन शब्द धड लिहितां येत नाहींत.”

शिक्षकाच्या पेशांत वीस वर्षें घालविल्यावर भांडण मिटविण्यापेक्षां त्यांतील प्रश्न नीट मांडून घेण्याची खोड जडते. शिवाय आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या आईबापांनींही हाच प्रश्न आम्हांस निराळ्या अंगानें विचारिला आहे: मुलास खेळाचें यंत्र घेऊन द्यावयाचेंच झाल्यास कोणतें द्यावें? म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम नांवांचा खुलासा करूं. पीसी म्हणजे आपला नेहमींचा संगणक. त्याला अक्षरांचा कीबोर्ड असतो, माऊस असतो, आणि त्यावर पत्र लिहिणें, हिशेब करणें, अभ्यास करणें व खेळणें हीं सर्व कामें होतात. कन्सोल हें मुख्यतः खेळासाठींच केलेलें यंत्र होय. तें टीव्हीस जोडतात व दोन्ही हातांत धरावयाच्या कंट्रोलरनें चालवितात. त्या कंट्रोलरवर थोडींशीं बटनें व अंगठ्यानें फिरविण्याच्या दोन लहान दांड्या असतात. आंतील यंत्ररचना पाहूं गेल्यास दोघांत आज फारसें अंतर उरलेलें नाहीं. अंतर आहे तें हातांत काय आहे आणि डोळे किती दूर आहेत यांत.

गुप्त पोलिसांच्या गोष्टींची गोडी आपल्याकडे नवीन नाहीं. बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय आणि छोटू यांच्या मागें आमच्या वडिलांची पिढी वेडी झाली होती, व ‘झुंजार’ वाचतांना पकडल्याबद्दल छड्या खाल्लेले गृहस्थ आजही भेटतात. परंतु पुस्तकांत छडा धनंजय लावतो. वाचक नुसता मागून चालतो. वाचकानें अंदाज केला नाहीं तरी शेवटचें पान येतेंच. खेळांत मात्र खेळणारा अडला कीं गोष्टही अडते. तेव्हां अशा खेळाची खरी परीक्षा ही कीं, त्यांत प्रश्न कोण विचारतो? खेळणारा स्वतः विचारतो, कीं यंत्र त्याच्यासमोर तयार प्रश्न मांडून ठेवितें व तो बोटानें त्यांतला एक दाखवितो? आमच्या समजुतीप्रमाणें संगणक व कन्सोल यांच्या वादाचें मूळ येथें आहे. पडद्याच्या लांबीरुंदींत नाहीं.

हें स्पष्ट होण्यासाठीं थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. १९८२ सालीं अमेरिकेंतील इन्फोकॉम नांवाच्या मंडळीनें ‘डेडलाइन’ हा खेळ संगणकासाठीं काढिला. त्यांत एकही चित्र नव्हतें. एक श्रीमंत गृहस्थ आपल्या ग्रंथालयाच्या बंद खोलींत मेलेला सांपडतो. खेळणारा हा तपासणीस आलेला अंमलदार. आणि त्याच्यापाशीं फक्त बारा तास. पडद्यावर मजकूर येई व त्याखालीं कोरी ओळ. त्या ओळींत आपण इंग्रजींत लिहावयाचें: अमक्याला अमुक विचार, तमकी वस्तु तपास. त्या काळच्या चकतीवर सर्व मजकूर मावत नसे, म्हणून साक्षीदारांच्या जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल व पुरावा म्हणून तीन पांढऱ्या गोळ्याही खेळाच्या वेष्टनांत घालून विकीत. म्हणजे अर्धा तपास पडद्यावर आणि अर्धा टेबलावर!

पुढच्याच वर्षीं, १९८३ सालीं, जपानांत युजी होरी यांनीं ‘पोर्टोपिया’ नांवाचा असाच खेळ रचिला व एनिक्स या कंपनीनें तो घरगुती संगणकांसाठीं प्रसिद्ध केला. कर्जाऊ पैसे देणाऱ्या एका कंपनीचा मालक कोबे शहरांत आपल्या घरीं, आंतून बंद असलेल्या खोलींत मेलेला सांपडतो. खेळणारा हा वरिष्ठ अधिकारी. तो स्वतः पडद्यावर दिसत नाहीं. त्याच्या हाताखालीं यासु नांवाचा मदतनीस असून सर्व हुकूम त्याच्या मार्फत सुटावयाचे. येथेंही आरंभीं हुकूम कीबोर्डवर टंकून द्यावे लागत. यंत्राच्या शब्दसंग्रहांत जो शब्द असेल तोच त्याला कळे. नेमका शब्द सुचेपर्यंत खेळणारा डोकें खाजवीत बसे. कधीं कधीं त्याला गुन्ह्याचें कोडें सुटलेलें असे, आणि शब्दाचें सुटलेलें नसे.

१९८५ सालीं हाच खेळ जपानांतील फॅमिकॉम या कन्सोलवर आणावयाचें ठरलें, आणि तेथें अडचण उभी राहिली. फॅमिकॉमच्या कंट्रोलरवर अक्षरें नाहींत. चार दिशांची एक फुली व मोजकीं बटनें एवढेंच. मग करावें काय? रचनाकारांनीं कोरी ओळ काढून टाकिली व तिच्या जागीं चौदा आज्ञांची यादी ठेविली: जागा बदल, विचार, तपास, दाखव, वगैरे. हवी ती आज्ञा बटनानें निवडावयाची, व वस्तु तपासावयाची तर भिंगाचें चिन्ह चित्रावर फिरवावयाचें. परिणाम असा झाला कीं, ज्यांनीं उभ्या जन्मांत संगणक पाहिला नव्हता अशीं लाखों मुलें घरच्या टीव्हीपुढें बसून गुप्त पोलीस झालीं. त्या खेळांतील खुन्याचें नांव तर जपानांत म्हणीसारखें झालें आहे. (तें आम्ही येथें सांगणार नाहीं. रहस्यकथेचा शेवट फोडणाऱ्या विद्यार्थ्यास आमच्या वर्गांत बाकावर उभें राहावें लागतें.)

आतां या बदलांत लाभ झाला कीं तोटा? दोन्ही झालीं. शब्द शोधीत बसण्याचा त्रास गेला हा लाभ उघड आहे. परंतु यादींत ‘तपास’ हा शब्द सदैव डोळ्यांपुढें असला, म्हणजे तपास करावा ही कल्पना खेळणारास आपण होऊन सुचावी लागत नाहीं. कोऱ्या ओळीपुढें बसलेला मनुष्य ‘आतां मला काय जाणून घ्यावयाचें आहे?’ असें स्वतःस विचारतो. यादीपुढें बसलेला ‘यांपैकीं काय राहिलें?’ असें विचारतो. आमच्या पेशांतील लोकांस हा भेद नवा नाहीं. दीर्घोत्तरी प्रश्न व ‘योग्य पर्याय निवडा’ यांतील हा भेद आहे.

याच खेळाची आणखी एक हकीकत आहे. २०२३ सालच्या एप्रिलांत एनिक्सचीच वारस असलेल्या स्क्वेअर एनिक्स कंपनीनें ‘पोर्टोपिया’ची एक नवी आवृत्ति पीसीसाठीं फुकट उपलब्ध केली. या वेळीं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानें खेळणाराचें साधें वाक्यही यंत्राला समजावें असा प्रयोग होता. चाळीस वर्षांनीं कोरी ओळ परत आली! परंतु खेळणाऱ्यांची मोठी निराशा झाली. सरळ वाक्य लिहिलें तरी मदतनिसाला उमजेना, व लोक पुनः पूर्वीसारखे नेमका शब्द शोधूं लागले. भाचीनें हा प्रयोग आमच्या लॅपटॉपवर करून पाहिला व पाऊण तासानें लॅपटॉप मिटून ठेविला. तिच्या पक्षाचा हा पराभव होता, हें येथें नमूद केलें पाहिजे.

कोऱ्या ओळीचा उपयोग चांगला कसा करावा हें पाहावयाचें असेल तर सॅम बार्लो यांचा ‘हर स्टोरी’ हा २०१५ सालचा खेळ पाहावा. तो पीसीवर व मोबाइलवरही खेळतां येतो. नवरा नाहींसा झालेल्या एका स्त्रीच्या १९९४ सालांतील पोलिसी जबान्यांचे २७१ लहान लहान तुकडे त्यांत आहेत. खेळणारानें एक शब्द टंकावा. तो शब्द ज्या तुकड्यांत उच्चारला गेला असेल ते तुकडे यंत्र शोधून देतें, पण त्यांतले पहिले पांचच दाखवितें. त्यामुळें सामान्य शब्द टंकून भागत नाहीं. अधिकाधिक नेमका शब्द सुचावा लागतो, आणि तो सुचण्यासाठीं त्या स्त्रीचें बोलणें कान देऊन ऐकावें लागतें. यंत्र कोणताही प्रश्न विचारीत नाहीं व ‘शाबास, बरोबर!’ असेंही म्हणत नाहीं. याच लेखकाचा पुढचा खेळ ‘टेलिंग लाइज’ २०२० सालीं कन्सोलवरही आला. तेथें पडद्यावर अक्षरांचा तक्ता मांडून त्यांतलें एकेक अक्षर दांडीनें गांठावें लागतें. दहा अक्षरांचा शब्द लिहीपर्यंत मनांतली शंका थंड होते. येथें भाचीचा पक्ष बळकट आहे.

आतां हाताकडे वळूं. माऊस आणि कंट्रोलरची दांडी हीं दोन्ही पडद्यावरचें बोट हलवितात, पण त्यांची रीत अगदीं भिन्न आहे. माऊस हात जितका सरकेल तितकें तें बोट सरकवितो. हात थांबला कीं बोट थांबलें. दांडीचें तसें नाहीं. ती जितकी कलवावी तितक्या वेगानें बोट पळूं लागतें, व योग्य जागीं आलें कीं दांडी वेळेवर सोडावी लागते. म्हणून टेबलावरील कागदाच्या कोपऱ्यांतली एक ओळ दाखविणें माऊसला सोपें व दांडीला कठीण. हें जाणून कन्सोलसाठीं खेळ रचणारे वस्तु मोठ्या करितात, जवळ जातांच त्या उजळवितात, किंवा बोट आपोआप त्यांकडे ओढलें जाईल अशी सोय ठेवितात. सोय झाली खरी. पण जी वस्तु स्वतः चमकते ती पुरावा आहे हें कळण्यास गुप्त पोलीस कशाला हवा? अर्थात् संगणकावरच्या जुन्या खेळांतही उलट्या बाजूची व्याधि होती. चित्रांतील तीळभर ठिपका सांपडेपर्यंत खेळणारा सारा पडदा माऊसनें सारवीत असे. त्याला निरीक्षण म्हणतां येत नाहीं. ती हमाली होय.

‘एल. ए. नॉयर’ या खेळाचें उदाहरण या बाबतींत फार बोलकें आहे. (तो प्रौढांसाठींच आहे, शाळकरी मुलांनीं आमच्या नांवावर तो मागूं नये.) तो २०११ सालच्या मे महिन्यांत प्रथम कन्सोलवर आला व त्याच वर्षीं नोव्हेंबरांत पीसीवर. १९४७ सालचें लॉस एंजेलिस शहर त्यांत उभें केलें आहे. नटांचे चेहरे ३२ कॅमेऱ्यांनीं सर्व बाजूंनीं टिपून साक्षीदाराच्या भुंवईची हालचालही दिसेल अशी तजवीज केलेली आहे, कारण तो खरें बोलतो कीं खोटें हें त्याच्या मुद्रेवरून ओळखावयाचें असतें. परंतु गुन्ह्याच्या जागीं फिरतांना पुराव्याजवळ आलों कीं हातांतला कंट्रोलर थरथरतो, व सुराचा एक ठोकाही ऐकूं येतो. माऊसला थरथर नाहीं, तरी ठोका आहेच. हीं दोन्ही साह्यें बंद करण्याची सोय खेळांत आहे, हें रचनाकारांच्या पदरीं टाकिलें पाहिजे. आम्हीं थरथर बंद करून खेळून पाहिलें, तेव्हां पहिल्याच खोलींत आमचे दोन पुरावे राहिले. पण जे सांपडले ते आमचे होते!

याच खेळांत यादीचा दुसरा एक दोष दिसतो. साक्षीदारानें उत्तर दिल्यावर ‘सत्य’, ‘शंका’ किंवा ‘असत्य’ यांपैकीं एक निवडावयाचें असे. खेळणारानें नुसती ‘शंका’ निवडावी, आणि पडद्यावरच्या अंमलदारानें एकाएकीं त्या गरीब साक्षीदारावर ओरडावें, असें वारंवार घडे. शंका येणें वेगळें आणि दरडावणें वेगळें. पुढें २०१७ सालच्या आवृत्तींत ते शब्दच बदलून ‘चांगला पोलीस’, ‘वाईट पोलीस’ व ‘आरोप’ अशा अर्थाचे शब्द घातले. एका बटनावर एक शब्द, आणि त्या शब्दावर सबंध वाक्य दुसऱ्याचें. आपल्या तोंडीं काय घातलें आहे हें आपणांस बोलून झाल्यावर कळावें, अशी ही गत.

एवढ्यावरून कन्सोलच्या विरुद्ध निकाल झाला असें भाची समजली होती. पण थांबा. ‘एस अटर्नी’ ही वकिलाच्या खेळाची मालिका २००१ सालीं जपानांत कॅपकॉम कंपनीच्या शु ताकुमी यांनीं सुरू केली. तीही हातांत मावणाऱ्या, मोजक्या बटनांच्या यंत्रासाठीं. तेथें लिहिण्याची सोय मुळींच नाहीं. साक्षीदार आपली हकीकत वाक्यावाक्यानें सांगतो. आपण त्यांतलें खोटें वाक्य हेरून नेमक्या त्याच वाक्याला छेदणारा पुरावा पुढें करावयाचा. समजा, वाक्यें पांच आहेत व पुरावे दहा. मग जोड्या झाल्या पन्नास, आणि बरोबर बहुधा एक. पहिल्या खेळांत पांच चुका झाल्या कीं खटला हरला. तेव्हां डोळे मिटून बटन दाबणाराचा निभाव लागत नाहीं. यादी येथेंही आहे, पण ती इतकी विस्तीर्ण आहे कीं कारण कळल्याशिवाय तींतून वाट सांपडत नाहीं. आमच्या शाळेंतील मुलांस यांपैकीं एकच खेळ सुचवावयाचा तर आम्ही हा सुचवूं. आणि आतां तो पीसीवरही मिळतो.

म्हणजे दोष यादीचा नसून आंधळ्या अंदाजास यश देण्याचा आहे. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं हें ताडून पाहावें. चार पर्यायांच्या एका प्रश्नांत आंधळा अंदाज खरा ठरण्याचा संभव चारांत एक. चुकल्यावर लागलीच पुनः निवडतां आलें, तर चौथ्या खेपेस उत्तर नक्की हातीं. परंतु तसे तीन प्रश्न एकत्र घेतले व तिन्ही बरोबर आल्याशिवाय एकही बरोबर आहे असें सांगितलेंच नाहीं, तर संभव चौसष्टांत एक होतो. नेमकी हीच युक्ति लुकास पोप यांनीं ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ या खेळांत योजिली आहे, व नाताळांत आमच्या घरीं जो वाद झाला तो याच खेळावरून.

हा खेळ पोप यांनीं जवळजवळ एकट्यानें रचिला. पीसीवर तो १८ ऑक्टोबर २०१८ रोजीं आला व बरोबर एका वर्षानें कन्सोलवर. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळची ती गोष्ट आहे. १८०२ सालीं लंडनहून निघालेलें ओब्रा डिन नांवाचें जहाज नाहींसें होतें व १८०७ सालीं निर्मनुष्य स्थितींत परत येतें. कंपनीतर्फें नुकसानीचा विमा तपासणारा कारकून हा खेळणारा. जहाजावर साठ माणसें होतीं. त्यांपैकीं प्रत्येक कोण व त्याचें काय झालें तें वहींत भरावयाचें. हातीं एक अद्भुत घड्याळ आहे. प्रेताजवळ तें उघडलें कीं त्या मनुष्याच्या मरणाचा क्षण जसाचा तसा गोठलेला दिसतो. सर्व चित्रें दोनच रंगांत, जुन्या संगणकाच्या पडद्यासारखीं ठिपक्यांचीं आहेत. आपण भरलेली माहिती तीन माणसांबद्दल पूर्ण बरोबर झाली कींच यंत्र ती छापून पक्की करितें. साठांतून तीन चेहऱ्यांना तीन नांवें नुसतीं अदमासानें लावूं म्हटल्यास ६० × ५९ × ५८, म्हणजे २,०५,३२० प्रकार होतात. आणि मरणाची रीत तर अद्याप मोजलीच नाहीं. (खेळांत मृत्यूचीं दृश्यें असल्यामुळें तोही लहान मुलांचा नव्हे.)

त्या जहाजावरील नोकरांची यादी खेळणारास मिळते: नांव, हुद्दा, देश. त्यांत कांहीं खलाशी हिंदुस्थानचे आहेत. आमच्या कोंकण किनाऱ्यावरील माणसें पिढ्यान् पिढ्या अशा गलबतांवर व पुढें आगबोटींवर चाकरीस जात, व इंग्रज त्यांस सरसकट ‘लस्कर’ म्हणत. त्यामुळें ती यादी वाचतांना आम्ही जरा थबकलों. यादींत नांवें आहेत, पण चेहरे नाहींत. गोठलेल्या दृश्यांत चेहरे आहेत, पण नांवें नाहींत. दोहोंची गांठ घालणें हाच खेळ.

तळ्याच्या मुलांस अशी यादी अपरिचित नसावी. मांदाडच्या खाडीजवळ कुडें येथें जीं सव्वीस लेणीं आहेत, त्यांच्या भिंतींवर दान देणाऱ्यांचीं नांवें ब्राह्मी अक्षरांत कोरलेलीं आहेत. भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांचे लेख १८८१ सालीं छापून प्रसिद्ध केले, त्यांत हेही आहेत. कोणी माळी आहे, कोणी वैद्य, कोणी लोखंडाचा व्यापारी. कांहीं स्त्रियाही आहेत. नांव, धंदा, क्वचित् गांव. चेहरा मात्र एकाचाही नाहीं. लोखंडाच्या व्यापाऱ्यानें या खाडीकांठीं लेणें कां कोरविलें, हा प्रश्न भिंत विचारीत नाहीं; तो पाहणारास सुचावा लागतो. आम्ही एकदां विद्यार्थ्यांस घेऊन तेथें गेलों असतां सातवींतील एका मुलीनें तो विचारिला, व परत येईपर्यंत बंदरें, व्यापारी व घाटावरून उतरणाऱ्या वाटा यांखेरीज गाडींत दुसरें बोलणें नव्हतें.

असो. ओब्रा डिन आम्हीं आधीं पंधरा दिवस लॅपटॉपवर एकट्यानें खेळलों होतों. टेबल, दिवा, शेजारीं वही. पडदा हातभर अंतरावर असल्यामुळें दृश्यांतील बारीक आंकडेही वाचतां येत, व माऊसनें हळूहळू नजर फिरवितां येई. वहीचीं अकरा पानें भरलीं. परंतु कांहीं खलाशांपाशीं आमची गाडी जी रुतली ती हलेना. नाताळच्या दुसऱ्या दिवशीं भाच्यानें तोच खेळ माजघरांतील टीव्हीवर लावला, आणि पाहतां पाहतां सारें घर भोंवतीं जमलें. आमच्या मातुश्रींस इंग्रजीचें अक्षर येत नाहीं. त्या लसूण सोलीत मागें बसल्या होत्या. आम्ही सर्व जहाजाच्या पोटांतील झोळ्यांत निजलेल्या माणसांचे चेहरे दिसतात कां म्हणून माना वाकड्या करीत होतों. मातुश्री म्हणाल्या, “अरे, तोंडं काय बघतां? तोंडावर पांघरूण आहे. पाय बघा कीं! दारांतल्या चपलांवरून पाहुणा ओळखतां येतो, मग हे नाहीं ओळखतां येत?”

झोळ्यांखालून डोकावणाऱ्या पावलांकडे पंधरा दिवसांत आमचें लक्ष गेलें नव्हतें. भाच्यानें दुसऱ्या दृश्यांत जाऊन जोडे पाहिले, झोळ्यांचे आंकडे यादीशीं ताडले, आणि अर्ध्या तासांत तीन नांवें पक्कीं झालीं. (हा धागा उघड केल्याबद्दल ज्यांनीं खेळ खेळलेला नाहीं त्यांची क्षमा मागतों, बाकावर उभें राहण्यास आम्ही तयार आहों.)

भाच्यानें अर्थात् विजयाचा डंका वाजविला. पण येथें न्यायानें पाहिलें पाहिजे. झोळीवरचे आंकडे टीव्हीवर आठ फुटांवरून वाचतां येईनात. त्याला दोनदां उठून पडद्याजवळ जावें लागलें, आणि शेवटीं ते भाचीनें लॅपटॉपवर पाहून सांगितले. टीव्हीपुढें बसणाऱ्यांसाठीं मजकूर मोठ्या अक्षरांत छापावा लागतो हें रचनाकार जाणतात. पण या खेळांतील पुरावा चित्राच्या कणाकणांत असल्यामुळें तो मोठा करतां येत नाहीं. मग टीव्हीनें दिलें काय? टीव्हीनें सात जणांचे डोळे दिले. लॅपटॉप एका मनुष्याचा असतो. त्याच्या मागें उभें राहून पाहणारास घरांत आगाऊ म्हणतात. माजघरांतील पडदा सर्वांचा असतो, व तेथें लसूण सोलणारी म्हातारीही साक्ष तपासूं शकते. कन्सोलचा हा गुण यंत्राच्या माहितीपत्रकांत आम्हांस कोठें आढळला नाहीं.

आईबापांसाठीं व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगणें प्राप्त आहे. प्लेस्टेशन ५ हें यंत्र आपल्या देशांत २ फेब्रुवारी २०२१ रोजीं विक्रीस आलें तेव्हां चकती चालविणाऱ्या प्रकाराची किंमत ४९,९९० रुपये होती. खेळ व टीव्ही त्याखेरीज. कन्सोल बसविण्यास सोपा, व त्यावर खेळ चालेल कीं नाहीं ही चिंता नसते. जुन्या संगणकावर मात्र नवा खेळ पुष्कळदां चालतच नाहीं. पण जेथें कोऱ्या ओळीचे, कागदपत्रांचे व शांत विचाराचे खेळ खेळावयाचे, तेथें साधा लॅपटॉप बहुधा पुरतो, कारण त्यांस भारी चित्रयंत्रणा लागत नाहीं. आणि तोच लॅपटॉप अभ्यासासही येतो. कंट्रोलर पीसीसही जोडतां येतो, व पीसीचें चित्र एका तारेनें टीव्हीवरही नेतां येतें. ही युक्ति भांडणाच्या तिसऱ्या दिवशीं भाचीला सुचली. पहिल्या दिवशीं सुचती तर आम्हांस हा लेख लिहावा लागता ना. शेवटीं, आमच्याकडे पावसाळ्यांत वीज जाते तेव्हां टीव्ही व कन्सोल दोन्ही एकदम मरतात, व लॅपटॉप तासभर तग धरितो. तळ्यास राहणाऱ्या मनुष्यास हा मुद्दा लहान नाहीं.

खेळ कोणताही असो, विकत घेण्यापूर्वीं त्यावरील वयाची खूण पाहावी. मग मुलाजवळ दहा मिनिटें बसावें, आणि त्यानें बटन दाबलें कीं “हें कां?” असें विचारावें. ‘तें चमकत होतं म्हणून’ असें उत्तर आल्यास खेळ कोणत्या यंत्रावर चालला आहे हें पाहण्याचें कारण नाहीं.

सुटी संपली तेव्हां साठांपैकीं एकावन्न माणसें पक्कीं झालीं होतीं. भाचा कन्सोल घेऊन मुंबईस गेला. जहाजाची जी स्थिति कन्सोलवर आहे ती लॅपटॉपवर नाहीं. आमच्या लॅपटॉपवर ती अजून मागेंच आहे. पण वही तळ्याहून आमच्याबरोबर आली. आठवड्यांतून दोनदां रात्रीं नऊच्या सुमारास त्याचा फोन येतो: “मामा, नववं पान काढा. पाठमोरा उभा असलेला, दाढीवाला; त्याच्यापुढें तुम्हीं काय लिहिलंय?” आम्ही पान काढतों. तेथें आमच्याच अक्षरांत एक प्रश्नचिन्ह आहे, आणि त्याखालीं मातुश्रींनीं भाचीकडून लिहवून घेतलेली ओळ: ‘हा उजव्या हातानें कांहीं धरीत नाहीं.’ भाचा म्हणतो, “आजीला फोन द्या.”